चाळिशीनंतर पुन्हा चित्रकलेकडे: सीमाभागातील नवोदितांसाठी चित्रसंच उभारण्याची पद्धत

शाळेत ज्यांची चित्रे वर्गाच्या भिंतीवर लागत असत, लोअर आणि हायर ग्रेडच्या ड्रॉइंग परीक्षांना जे हौसेने बसले, आणि पुढे नोकरी, शेती, दुकान, मुलांची शिक्षणे व घरातील आजारपणे यांत ज्यांचा रंगांशी असलेला संबंध वीस-पंचवीस वर्षे तुटला, अशा माणसांसाठी हा लेख आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अशी माणसे जवळपास प्रत्येक गल्लीत भेटतात. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा चित्र काढायला बसले आणि पुढच्या चार वर्षांत दोन वेळा चित्रसंच, म्हणजे ज्याला सर्वजण पोर्टफोलिओ म्हणतात तो, तयार केला. पहिल्या संचात मला जे जे येत होते ते सर्व मी भरले होते: गणपती, फुलदाणी, धबधबा, मासिकातील छायाचित्रावरून केलेली म्हातारी, वारली पद्धतीची नक्षी. दुसऱ्या संचात फक्त वडगावमधील हातमाग होते. पहिला संच पाहणाऱ्या जाणकारांनी चौतीस चित्रांतील चार बाजूला काढली आणि उरलेली न बोलता मिटून ठेवली. दुसऱ्या संचामुळे मला एका सामूहिक प्रदर्शनात जागा मिळाली. या अनुभवातून माझे जे ठाम मत झाले आहे, त्याच्याच आधारे पुढील पायऱ्या सांगत आहे: मध्यम वयात परतणाऱ्या चित्रकाराने आपल्याला किती प्रकार येतात हे दाखवू नये, आपण काय दीर्घकाळ पाहिले आहे ते दाखवावे.

पहिली पायरी: सहा आठवडे केवळ रेखाटन

सुरुवातीलाच चित्रसंचाचा विचार करू नये. हात आखडलेला असतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे डोळा वस्तूकडे न पाहता आठवणीतील खुणेकडे पाहत असतो. समोर तांब्या असला तरी हात शाळेत शिकलेला तांब्याच काढतो. यावर उपाय एकच आहे. रोज वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी, समोर प्रत्यक्ष असलेली वस्तू काढावी. पहिले दोन आठवडे कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत त्याच गतीने पेन्सिल चालवावी. आकृती वेडीवाकडी येईल, तिची काळजी करू नये, कारण हा सराव आकृतीसाठी नसून नजरेसाठी आहे. पुढचे दोन आठवडे डोळे किलकिले करून समोरच्या दृश्यातील उजेड, मध्यम छटा आणि अंधार अशा तीनच छटा वेगळ्या करून भराव्यात. शेवटचे दोन आठवडे हलणारी माणसे काढावीत. बसस्थानकावर थांबलेले प्रवासी, बाजारात भाजी निवडणाऱ्या बाया, पारावर बसलेली मंडळी. प्रत्येक आकृतीला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

यासाठी एचबी, टूबी आणि सिक्सबी अशा तीन पेन्सिली आणि ए-फाइव्ह आकाराची साधी वही पुरेशी आहे. वहीतील एकही पान फाडू नये आणि प्रत्येक पानावर तारीख घालावी. घरातील माणसांना सुरुवातीला हे विचित्र वाटते, विशेषतः स्त्री असल्यास, कारण सकाळची वीस मिनिटे कोणाच्याही कामाची नसतात हे घराला सवयीचे नसते. मी ती वेळ दूधवाला येण्यापूर्वीची ठरवली आणि सोप्यातील एक कोपरा तेवढ्यापुरता मागून घेतला. ज्याला जी वेळ जमेल ती त्याने धरावी, पण ती रोज बदलू नये.

दुसरी पायरी: डोळे, खांदा आणि उजेड

विशीतील विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत ही पायरी नसते, म्हणून ती येथे स्वतंत्रपणे सांगते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि वाचनाचा चष्मा लागतो. हा चष्मा साधारणपणे चाळीस सेंटिमीटर अंतरासाठी केलेला असतो, तर उभ्या फळीवर चित्र काढताना कागद हाताच्या अंतरावर, म्हणजे साठ ते सत्तर सेंटिमीटरवर असतो. परिणामी माणूस नकळत पुढे वाकतो, मान दुखू लागते आणि संपूर्ण चित्र एका नजरेत दिसत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या काचेत कडेला सरळ रेषा थोड्या वाकलेल्या दिसतात, हेही लक्षात ठेवावे. डोळे तपासताना आपण किती अंतरावर काम करतो ते टेपने मोजून सांगावे आणि त्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घ्यावा. माझ्या चित्रातील माणसांची डोकी सतत मोठी येत असत. त्याचे कारण माझे अज्ञान नसून कागदावर वाकून काम करण्याची सवय होती, हे चष्मा बदलल्यावर समजले.

फळी टेबलावर सपाट ठेवू नये, मागे दोन विटा लावून तिरकी करावी. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचा खांदा आखडतो, त्यांनी सलग एक तासापेक्षा अधिक बसू नये. खिडकी उत्तरेकडची असेल तर दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. रात्री काम करावे लागत असेल, तर पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नयेत. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, नव्वद किंवा त्याहून अधिक लिहिलेला पांढरा एलईडी दिवा घ्यावा आणि चित्रावर हाताची सावली पडणार नाही अशा बाजूने लावावा.

तिसरी पायरी: जुनी पेटी उघडणे आणि मोजके नवे साहित्य

माळ्यावरची जुनी रंगपेटी प्रत्येकाकडे असते. ती टाकून देण्याची घाई करू नये आणि सगळी वापरायलाही घेऊ नये. वाळलेल्या जलरंगाच्या वड्या बहुधा चालतात, कारण त्यांतील डिंक पाण्याने पुन्हा मऊ होतो. चार थेंब पाणी घालून रात्रभर ठेवल्यास रंग सुटू लागतो. पोस्टर रंगाच्या बाटलीला वास येत असेल तर ती फेकावी. तैलरंगाची नळी दाबल्यावर मऊ लागत असेल तर तिचा रंग वापरता येतो. जुना कागद मात्र जपून वापरावा. कागदाला दिलेली खळ दमट हवेत वर्षानुवर्षे राहून मरते, मग रंग पसरण्याऐवजी ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो आणि नवोदिताला वाटते की आपलाच हात बिघडला आहे. एका कोपऱ्यावर पाण्याचा हात फिरवून पाहावा म्हणजे कळते.

नवीन घ्यायचे असल्यास पैसा रंगांवर कमी आणि कागदावर अधिक खर्च करावा. जलरंगासाठी तीनशे जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) जाडीचा, किंचित खरबरीत पृष्ठभागाचा कागद घ्यावा. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केल्यास ११ × १५ इंचांची चार चित्रे होतात आणि संचासाठी हाच आकार सर्वांत सोयीचा आहे. रंग सहा-सात पुरतात: अल्ट्रामरीन निळा, प्रशियन निळा, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमझन, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर. नळीवर रंग टिकाऊ असल्याची खूण पाहावी. क्रिमझनचे काही प्रकार व चमकदार फ्लुरोसेंट रंग उजेडात काही वर्षांत फिके पडतात, आणि विकलेले चित्र फिके पडणे ही फार लाजिरवाणी गोष्ट असते. गोल कुंचले दोन आणि एक इंची चपटा कुंचला एक, एवढ्यावर पहिले वर्ष निघते.

जलरंग हे माध्यम हलके आहे, नवशिक्यांचे आहे, असा समज आपल्याकडेही आढळतो. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर यांनी हातात समई घेतलेल्या मुलीचे चित्र १९४५-४६ च्या सुमारास जलरंगातच केले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मैसूरला जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे, आणि बोटांतून पाझरणारा प्रकाश कागदाच्या पांढऱ्यापणातून कसा राखला आहे याकडे विशेष लक्ष द्यावे. हळदणकर आयुष्यभर चित्रकारच होते, त्यामुळे त्यांची तुलना आपल्याशी होऊ शकत नाही. परंतु वय वाढल्यावर हात थकतोच असे मानणाऱ्यांनी ते चित्र जवळून पाहिलेले बरे.

चौथी पायरी: एक विषय धरणे

येथे मी अधिक सविस्तर लिहिणार आहे, कारण संच येथेच घडतो किंवा बिघडतो.

बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांनी ‘चित्रमंदिर’ या कलाशाळेतून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या, बेळगावात १९३५ साली जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. या परंपरेत समोर बसलेल्या माणसाचा, समोरच्या वस्तूचा अभ्यास हा पाया मानला गेला. कोल्हापूरकडे पाहिले तर चित्रकार आबालाल रहिमान यांनी तेथील कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तेच पाणी, तीच झाडे, वेळ मात्र वेगळी. आपण नवोदित त्यांच्या कौशल्याच्या जवळपासही नसतो, पण त्यांची ही सवय उचलण्यास कौशल्य लागत नाही.

विषय निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही जागा किंवा हे काम मला घरापासून अर्ध्या तासात गाठता येते का? येथे मी वर्षभर, निदान आठवड्यातून एकदा येऊ शकेन का? आणि यातील असे काही मला ठाऊक आहे का, जे बाहेरून आलेल्या चित्रकाराला दिसणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर विषय मिळाला असे समजावे. पन्नाशीच्या माणसाकडे विद्यार्थ्याच्या तुलनेत वेळ आणि चपळाई कमी असते, परंतु त्याने आयुष्यभर एखादे काम जवळून पाहिलेले असते. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिलेल्या निपाणीच्या माणसाला पोत्यांवर पडणारा उजेड जसा ठाऊक असतो, तसा तो दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो.

आपल्या भागात विषयांची कमतरता नाही. खानापूरच्या बाजूला तांबडी माती, कौलारू घरे, कुंभारांची चाके आणि भट्ट्या आहेत; तेथून पश्चिमेला कणकुंबीकडे, जेथे मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात हिरव्या रंगाच्या इतक्या छटा दिसतात की केवळ त्यांचाच अभ्यास वर्षभर पुरेल. हलशीला कदंबकालीन देवळांचा दगड आहे. पूर्वेकडे गोकाक, सौंदत्ती, अथणीच्या दिशेने काळी जमीन सुरू होते. चिकोडी-निपाणी पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत, जेथे काहिलीतून उठणारी वाफ आणि चुलवाणातील जाळ एकाच वेळी रंगवण्याचे आव्हान मिळते. शहरात राहणाऱ्यांना वडगाव-शहापूरचे माग, रविवार पेठेतील गोण्या, किल्ल्याजवळचा तलाव, कपिलेश्वराच्या परिसरातील फुलवाल्या हे सर्व आहेच.

मातीचे उदाहरण घेऊन एक व्यावहारिक गोष्ट सांगते. खानापूरची तांबडी माती रंगवताना नवोदित सरळ लाल रंग उचलतो आणि चित्र भडक होते. बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर मिसळावा, आणि सावलीच्या भागात त्याच मिश्रणात अल्ट्रामरीन घालावा. ओली माती सुक्या मातीपेक्षा गडद असते, पण तिच्या पृष्ठभागावर आकाशाचा निळसर उजेड असतो, तो राखावा. काळ्या जमिनीसाठी काळा रंग अजिबात वापरू नये. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून जो गडद रंग मिळतो त्यात ऊब आणि थंडपणा दोन्ही बदलता येतात, आणि नांगरलेल्या रानाचा पोत त्यातूनच येतो. एकाच विषयाकडे वारंवार गेल्याशिवाय असे बारकावे हाती लागत नाहीत.

मी मागांचा विषय घेतला तेव्हा पहिले दोन महिने मला केवळ लाकडी सांगाडा दिसत होता. तिसऱ्या महिन्यात ज्या मावशींच्या घरी मी बसत असे, त्या म्हणाल्या, “तू माग काढतेस, पण धोटा कुठं हाय?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. आडवा धागा घेऊन जाणारा धोटा सतत पळत असतो, म्हणून तो माझ्या चित्रात नव्हताच. आणि त्याच्याशिवाय माग म्हणजे बंद पडलेला माग. त्यानंतर मी विणकराच्या हातांकडे, फणी ठोकताना झुकणाऱ्या खांद्याकडे, ताण्याच्या, म्हणजे मागावरील उभ्या, धाग्यांतून गाळून येणाऱ्या उजेडाकडे पाहू लागले. संचातील सर्वांत चांगली सहा चित्रे त्या प्रश्नानंतरची आहेत. म्हणून ज्या कामाचे चित्र काढतो ते काम करणाऱ्या माणसाला चित्र दाखवावे आणि त्याचे बोलणे वहीत टिपून ठेवावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. बेळगावच्या कॅम्प (छावणी) भागात आणि किल्ल्याच्या परिसरात लष्कराच्या ताब्यातील जागा आहेत; तेथे परवानगीशिवाय रेखाटन किंवा छायाचित्रण करू नये. आणि कोणाच्या घरात, कारखान्यात किंवा शेतात बसायचे असेल तर आधी विचारावे, नियमित गेल्यास एखादे रेखाचित्र त्या घराला द्यावे.

वर्षभराचे उद्दिष्ट साठ रेखाटने आणि पंचवीस रंगीत चित्रे एवढे ठेवले तर आठवड्याला साधारण एक रविवार सकाळ आणि रोजची वीस मिनिटे यांत ते बसते. शेतीचे काम असणाऱ्यांनी पेरणी-सुगीचे आठवडे आधीच वगळावेत, म्हणजे मोडलेल्या नेमाचा ताण मनावर राहत नाही.

पाचवी पायरी: पावसाळ्याची तयारी

बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात जलरंगाचा एक थर वाळायला एरवीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. घाईने दुसरा थर दिल्यास खालचा उठतो आणि चित्र गढूळ होते. जून ते सप्टेंबर या काळात म्हणून रेखाचित्रे, कोळसा, पेन-शाई यांवर भर द्यावा, किंवा ओल्यावर ओले, म्हणजे ओलसर कागदावरच पुढचा रंग सोडून, रंगवण्याची पद्धत मुद्दाम शिकावी, कारण त्या पद्धतीला ही हवा अनुकूल असते.

साठवणीकडे दुर्लक्ष करू नये. माझी पहिल्या वर्षाची अकरा चित्रे न्हाणीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात होती; गणपतीच्या सुमारास उघडले तेव्हा त्यांवर तपकिरी ठिपके उमटलेले होते आणि ते शेवटपर्यंत गेले नाहीत. बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, चित्रे आडवी ठेवावीत. दोन चित्रांमध्ये स्वच्छ बटर पेपर घालावा, वर्तमानपत्र घालू नये, कारण तो कागद आम्लयुक्त असतो आणि शाईही सोडतो. फाईलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ऊन पडलेल्या दिवशी चित्रे घरातच सावलीत तासभर मोकळी करावीत. कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) फवारायचे असेल तर कोरड्या दिवशी, उघड्या परड्यात, हातभर अंतरावरून फवारावे.

सहावी पायरी: निवड

वर्षाअखेरीस सर्व चित्रे जमिनीवर एकत्र मांडावीत. जी चित्रे छायाचित्रावरून किंवा दुसऱ्याच्या चित्रावरून केली आहेत ती प्रथम बाजूला करावीत. सरावासाठी नक्कल करणे योग्यच आहे, पण ती संचात आपले काम म्हणून ठेवणे अप्रामाणिक आहे. दुसऱ्या वेळी जी चित्रे केवळ कष्ट फार घेतले म्हणून आवडतात ती काढावीत. हे कठीण जाते. तिसऱ्या वेळी एकसारखी दिसणारी दोन चित्रे असतील तर एकच ठेवावे. बारा ते पंधरा चित्रे उरली की थांबावे. त्यांत दोन-तीन रेखाचित्रे आणि वहीतील एखादे पान जरूर असावे, कारण पाहणाऱ्याला आपली विचार करण्याची पद्धत तेथेच दिसते.

घरच्यांना चित्र आवडणे आणि ते संचासाठी योग्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. निवड दाखवण्यासाठी शाळेतील कलाशिक्षक किंवा गावातील एखादे ज्येष्ठ चित्रकार यांच्याकडे जावे. “सर, यांतून पाच चित्रे काढून टाका,” असे त्यांना स्पष्ट सांगावे. “कशी वाटली?” असे विचारल्यास चांगला माणूस चांगलेच म्हणतो.

क्रम लावताना सर्वांत ताकदीचे चित्र पहिले आणि त्याच्या तोडीचे शेवटी ठेवावे. सर्व चित्रांना एकाच रंगाचा, पांढरा किंवा फिका, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) द्यावा. नक्षीदार चौकटींची गरज नाही.

सातवी पायरी: छायाचित्रे आणि तीन भाषांतील ओळी

आज बहुतेक ठिकाणी प्रथम छायाचित्रेच पाठवावी लागतात. चित्र काचेबाहेर काढावे, सकाळी मोकळ्या सावलीत भिंतीला सरळ उभे करावे, मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर, चित्राला समांतर धरावा. जरा मागे जाऊन दुप्पट झूम वापरल्यास कडा वाकत नाहीत. फ्लॅश वापरू नये. नंतर केवळ कडा कापाव्यात आणि मूळ चित्र शेजारी धरून रंग जुळतात का ते पाहावे; रंग अधिक खुलवणारे फिल्टर लावू नयेत. लहान रेखाचित्रांसाठी झेरॉक्सच्या दुकानातील स्कॅनर चांगला, तेथे तीनशे डीपीआय (एका इंचातील ठिपके) सांगावे. ए-फोर आकाराची प्रतिमा त्या हिशेबाने सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल येते आणि छपाईलाही पुरते.

प्रत्येक चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष लिहावे. आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी. सीमाभागातील चित्रकाराने ही ओळ मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तयार ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कोल्हापूर-मुंबईला मराठी व इंग्रजी चालते. बेंगळुरूच्या कर्नाटक ललितकला अकादमीसारख्या संस्थांचा व्यवहार मुख्यतः कन्नडमधून चालतो, आणि तिकडे अर्ज करायचाच नाही असे ठरवून आपण आपलेच अर्धे अंगण सोडून देतो. ‘माध्यम’ आणि ‘वर्ष’ हे शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एकच आहेत. कन्नडमध्ये शीर्षकाला ‘शीर्षिके’ आणि आकाराला ‘अळते’ म्हणतात. शीर्षकांचे भाषांतर यंत्राकडून करून तसेच पाठवू नये. शेजारच्या कन्नड शिक्षकांकडून एकदा वाचून घ्यावे. माझ्या एका चित्राचे नाव ‘ताणा’ होते, आणि त्याचे यांत्रिक भाषांतर मनावरील ताणाच्या अर्थाने झाले होते. शेजारच्या बाईंनी ते वेळेत दुरुस्त केले.

चित्रांसोबत द्यायचे स्वतःविषयीचे निवेदन दीडशे शब्दांचे असावे. आपण काय काढतो, कोठे, किती काळापासून, आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्याला पुन्हा तेथे नेते, एवढेच लिहावे. मधली पंचवीस वर्षे लपवू नयेत आणि त्यांबद्दल क्षमाही मागू नये. “१९९४ नंतर मी चित्र काढले नाही, २०१९ पासून पुन्हा काढत आहे,” असे एक सरळ वाक्य पुरते.

आठवी पायरी: संच बाहेर नेणे

प्रथम आपल्याच गावात दाखवावा. वाचनालयाचे सभागृह, शाळेचा वर्ग, गणेशोत्सव मंडळाचा मांडव यांपैकी काहीही चालते. त्यानंतर कोल्हापूर, दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनात कलादालन आहे आणि बेळगावहून एका दिवसात जाऊन प्रदर्शने पाहून परत येता येते. अर्ज करण्यापूर्वी निदान तीन प्रदर्शने पाहावीत. बेंगळुरूला कर्नाटक चित्रकला परिषदेच्या परिसरात जानेवारीत चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, भरते, तेथे रस्त्यावर चित्रे मांडून थेट विकता येतात. पहिल्या वर्षी केवळ पाहण्यासाठी जावे. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ ची आहे आणि तिचे वार्षिक प्रदर्शन प्रतिष्ठेचे मानले जाते; त्याचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या संचाच्या वेळी करावा. प्रत्येक ठिकाणची नियमावली त्या त्या वर्षीची मागवून घ्यावी, आणि अर्ज, पाठवलेली चित्रे, आलेले उत्तर यांची एका वहीत नोंद ठेवावी. नकार आल्यास तोच संच लगेच दुसरीकडे पाठवण्याऐवजी महिनाभर थांबून एखाद-दुसरे चित्र बदलावे.

चित्रे दाखवू लागल्यावर मागण्या येऊ लागतात, बहुधा आजोबांच्या किंवा नातवाच्या व्यक्तिचित्राच्या. किंमत आधी सांगावी, अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि पावती द्यावी. कायद्याची एक बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. आपण स्वतःहून काढलेले चित्र विकले तरी, तसा लेखी करार नसल्यास, त्याचा कॉपीराइट आपल्याकडेच राहतो. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी मोबदला देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मोबदला देणाऱ्याकडे जातो. असे चित्र पुढे आपल्या संचात किंवा दिनदर्शिकेत छापायचे असेल तर पावतीवरच दोन ओळींची परवानगी लिहून सही घ्यावी.

चित्रे बसने किंवा कुरिअरने पाठवताना काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा लावावा. दोन चित्रे समोरासमोर तोंड करून, मध्ये बटर पेपर आणि पुठ्ठा घालून बांधावीत, कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या टोप्या कराव्यात आणि पावसाळा असो वा नसो, बाहेरून प्लास्टिकचे दोन वेढे द्यावेत. आत चित्रांची यादी ठेवावी आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, शीर्षक व दूरध्वनी क्रमांक लिहावा. पेन वापरू नये, ते पुढे उमटते. चित्रे परत आली की त्याच दिवशी पेटी उघडून प्रत्येक चित्र तपासावे, रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावे आणि मगच फाईलमध्ये लावावे.